वेल्डानं निवडलेलं रिव्हॉल्व्हर

वेल्डा सिझमोरनं चौतीस वर्षं शाळेची बस हाकली. पाइन फोर्कच्या डोंगरातल्या रस्त्यांवर ज्यांनी एकदा तरी बर्फात गाडी घातलीय, त्यांना एवढ्यावरच ती अर्धी कळेल. उरलेली अर्धी मला ठाऊक. ड्रायव्हरांची युनियन आम्ही दोघींनी उभी केली आणि शाळा मंडळाच्या साहेबांची झोप आम्ही दोघींनीच उडवली.

निवृत्त होऊन बस हातची सुटली आणि बाईचे हात मोकळे झाले. मोकळे हात तिला सोसत नाहीत. आठवड्यात तीनदा गवत कापलं, एकच कपाट दोनदा रंगवलं, बिघडलेलं नसताना धुलाईयंत्र उघडलं. मग एक दिवस माझ्या ओट्यावर येऊन, बसायचं सोडून येरझाऱ्या घालत म्हणाली, "मला शनिवारच्या टोळीत जायचंय."

शनिवारची टोळी म्हणजे पाच म्हातारे. जुन्या खाणीमागे रिव्हॉल्व्हरनं नेम मारतात आणि आपापला संग्रह मिरवतात. तिचा धाकटा भाऊ डॉर्सी त्यांचा म्होरक्या, पण नेमाला नावं पुकारतात वयाप्रमाणे, मोठं माणूस आधी. आत यायचा नियम एकच, पण कडक. स्वतः निवडून घेतलेलं रिव्हॉल्व्हर टेबलावर उघडं ठेवायचं आणि हेच का घेतलं ते सांगायचं. उसनं चालत नाही, वारशाचंही चालत नाही. मग पाचांचं मत. नाही म्हणाले तर वर्षभर तोंड दाखवायचं नाही.

वारशाचा प्रश्न तसाही नव्हता. बापाचं रिव्हॉल्व्हर डॉर्सीला गेलं, कारण तो मुलगा. वेल्डाचा नेम त्याच्यापेक्षा बरा होता हे बापाला माहीत होतं. मला याचा आजही संताप येतो, तिला येत नाही. ती म्हणते, "मला त्याचं नकोच गं. माझं हवं."

तीन आठवड्यांत सात दुकानं झाली. पहिल्याच दुकानदारानं गुलाबी मुठीचं, तळहातात मावणारं खेळणं पुढे केलं. "बाईसाहेब, पर्समध्ये आरामात बसेल."

"माझ्या पर्समध्ये पाना असतो," वेल्डा म्हणाली. "हलकं रिव्हॉल्व्हर मनगटाला लाथ घालतं, हे तुला ठाऊक नाही की मला ठाऊक नसेल असं वाटलं?"

त्यानं दुसरं काढलं आणि सिनेमात मारतात तसा मनगटाला झटका देऊन गोळ्यांचं चक्र खाडकन बंद केलं. वेल्डा तिथून वळलीच. झटक्यानं चक्राचा दांडा वाकतो. जो आपल्याच मालाशी असं वागतो त्याच्याकडून काय घ्यायचं! मी मात्र त्याला चार शब्द सुनावूनच बाहेर पडले.

खरा घोळ वेगळाच होता. नेम मारायला हवं नवं, दणकट, ओरखड्याची फिकीर नसलेलं. संग्रहात जपायला हवं जुनं, मूळ रूपातलं, डागडुजी न केलेलं. वेल्डाला एका दगडात दोन्ही पक्षी हवे होते. रात्रंदिवस तेच. सूप ढवळताना, गाडी चालवताना, चर्चमध्ये प्रार्थनेला मान खाली घातलेली असतानासुद्धा.

शेवटी रे टॅकेटच्या दुकानात ते सापडलं. सत्तर वर्षांचं, अडतीस कॅलिबरचं, चार इंची नळीचं, कुण्या पोलिसानं कमरेला वागवलेलं. नळीच्या टोकाला चामड्याच्या म्यानात घासून निळाई, म्हणजे पोलादावरची निळसर झिलई, झिजलेली, पण कोरलेली अक्षरं अजून धारदार. वेल्डानं आधी परवानगी मागितली. उघडून गोळ्यांची सहाही घरं रिकामी असल्याचं पाहिलं. मग घोडा अगदी सावकाश मागे ओढत, प्रत्येक घर नळीसमोर येऊन घट्ट बसतंय का ते सहा वेळा तपासलं. रे काउंटरवर कोपर टेकून बघत राहिला.

"नेमालाही चालेल, संग्रहातही शोभेल," तो म्हणाला. "फक्त एक कर, वेल्डा. काही करू नकोस. तेलाचं बोट फिरव आणि ठेवून दे."

काही करू नकोस! हे वेल्डाला सांगत होता तो.

गुरुवारी तिचा फोन आला. "जशी असशील तशी ये."

गेले. रिव्हॉल्व्हर स्वयंपाकघरात टॉवेलवर होतं. मुठीजवळ तिळाएवढे तांबूस ठिपके दिसले, म्हणून तिनं बस गॅरेजमधलं गंज काढायचं औषध लावलं होतं. ठिपके गेले होते. त्यांच्याबरोबर एका बाजूची निळाईही गेली होती आणि आतलं पोलाद खवले काढलेल्या माशासारखं पांढरं पडलं होतं.

रेला फोन लावला. तो म्हणाला, "अगं बाई, निळाई हासुद्धा गंजच असतो. कारागिरानं मुद्दाम चढवलेला. औषधाला त्यातला भेद काय कळणार?"

"सांग की असंच मिळालं," मी वेल्डाला म्हटलं. "कोण तपासायला येतंय?"

"मी येतेय ना," ती म्हणाली आणि सिंक घासायला लागली.

शनिवारी टेबलावर ते उघडं ठेवलं तसा डॉर्सी फिस्सकन हसला. "हे काय, सोललेलं केळं?"

"नेम मारायला आणि जपायला, दोन्हीसाठी निवडलं होतं," वेल्डा म्हणाली. एका पायावरचा भार सारखा दुसऱ्यावर टाकत होती. "यंत्र चोख आहे म्हणून घेतलं. जपायचं मीच वाया घालवलं. गंजाचं औषध लावलं."

कुणी हसलं नाही. डॉर्सीचा आवाज गोड झाला. "असं कर, मी कारागिराकडून नवी निळाई चढवून आणतो. पुढच्या वर्षी ये."

माझ्या ओठांवर शिवी आली होती, पण त्याआधी गेंट्री बोलले. टोळीत सगळ्यात म्हातारे तेच. "डॉर्सी, नियम का निवडलं ते विचारायचा आहे. ते तिनं सांगितलं. नंतर काय माती खाल्ली ते विचारायचं ठरलं, तर तुझ्यापासून सुरू करू?"

मग वेल्डानं सहा गोळ्या झाडल्या. पहिली मातीत गेली. पुढच्या पाच काळ्या वर्तुळात बसल्या, एक तर मधल्या ठिपक्याला चाटून. मतं पडली. तीन हो, दोन नाही.

"मी नाही म्हटलं," डॉर्सी म्हणाला. "माहीत असू दे."

"माहीत आहे रे. तुझं नाव माझ्यानंतर पुकारतील आता, वयाप्रमाणे. तेवढं सांभाळ."

परतताना मला वाटलं, आता तरी बाई शांत होईल. तिनं घराचं वळण मागे टाकलं.

"कुठे?"

"रेकडे. हे नेमाचं झालं. जपायचं अजून घ्यायचंच आहे."

"वेल्डा, मला भूक लागलीय."

"रेकडे शेंगदाणे असतात," ती म्हणाली आणि गाडीचा वेग वाढवला.