बाबांनी तिला सांगितलं

तिच्याबद्दल कोणी चांगलं बोललं की माझ्या पोटात दुखतं. आजही दुखतं. लपवण्यात काही अर्थ नाही, माझं तोंड बघूनच लोकांना कळतं.

ती आणि मी, दोघी मैत्रिणी एकोडीच्या. माझ्या बाबांची धानाची शेती आणि साकोलीला खताबियाण्यांचं दुकान. तिचे वडील गावच्या तलावात मासोळ्या धरतात. शाळेत आम्ही एका बाकावर, साकोलीच्या कॉलेजात जाताना एका बसमध्ये, आणि पुढे नागपूरला विद्यापीठात एकाच वर्गात. विषय गुन्हेगारीशास्त्र आणि सायबर गुन्हे. हा विषय मी शोधून काढला होता. जाहिरात मी पाहिली, चौकशी मी केली, घरी भांडण मी केलं. तिनं फक्त विचारलं, "मीबी येऊ का वं?" आणि मी मूर्खासारखी ये म्हटलं.

घरचं भांडण साधंसुधं नव्हतं. मी बी.एड. करावं, अशी बाबांची इच्छा. "चोरायचा अभ्यास करून कोणाचं भलं झालं?" असं ते दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे आणि गिऱ्हाइकं माना डोलवायची. शेवटी जा म्हणाले, पण मनातून नाही. तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. एकदा तरी बाबांनी अडल्या वेळी माझ्याकडे यावं आणि म्हणावं, पोरी, हे पाहून दे, तुले समजते. पदवी, नोकरी, ते सगळं त्यानंतरचं.

मार्क मला जास्त पडायचे. मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. कायद्याची कलमं मला तोंडपाठ. जप्त केलेला मोबाइल आधी नेटवर्कपासून का तोडायचा, त्याची हॅश व्हॅल्यू, म्हणजे आतल्या माहितीचा डिजिटल ठसा, कधी काढायची, पंचनाम्यात काय सुटलं तर कोर्टात केस पडते, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. तिची कलमं नेहमी एकमेकांत मिसळायची. परीक्षेच्या आधी मीच तिच्याकडून घोकून घ्यायची, आणि ती चुकली की आतून बरं वाटायचं.

मग एक प्रात्यक्षिक आलं. फसवल्या गेलेल्या माणसाचा जबाब कसा घ्यायचा. आमच्या मॅडम स्वतःच तक्रारदार होऊन समोर बसल्या. आधी मी गेले. टेबलामागे ताठ बसून विचारलं, फोन कोणत्या नंबरवरून आला, ओटीपी दिला का, दिला तर का दिला. मॅडम म्हणाल्या, ओटीपी दिलाच नाही. धडधडीत खोटं. त्यापुढे त्या काही बोलेचनात. नंतर ती गेली. तिनं आपली खुर्ची टेबलामागून काढली, मॅडमच्या बाजूला नेऊन ठेवली आणि विचारलं, "घरी कोणाले सांगतलं का तुमी?" मॅडम भडाभडा सगळं सांगून मोकळ्या झाल्या. खोटंच होतं ते सगळं, तरी त्यांचा आवाज भरून आला. वर्गाला म्हणाल्या, हिच्याकडून शिका.

माझ्या अंगाचा तीळपापड झाला. होस्टेलवर आल्यावर मी म्हटलंच, खुर्ची सरकवण्यात शिकण्यासारखं काय आहे? ती केस विंचरत म्हणाली, "काही नाही वं. समोर बसाची मले भीती वाटली, म्हणून बाजूले बसली." तिचं हे असंच. भांडायलाही जागा ठेवायची नाही.

घरी मात्र माझं राज्य होतं. सुट्टीत गेले की जेवताना बाबा विचारायचे, "हं, सांग, या टायमाले कोण फसला?" मी सांगायची. कोणी वीज कापतो म्हणून धमकी आली तर घाबरलेला, कोणी लॉटरीच्या नादी लागलेला, कोणी रिटायर मास्तर व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या पोलिसाला सर, सर करत बसलेला. मी त्यांच्या बोलण्याची नक्कलही करायची. बाबा ठसका लागेपर्यंत हसायचे. "एवढे शिकलेले लोक, अन् अक्कल कुठं ठेवतेत?" म्हणायचे. आई म्हणायची, तिले दोन घास खाऊ द्या. मला वाटायचं, बाबांना माझं शिक्षण पटायला लागलं. आता थोडीच कसर राहिली.

गेल्या दिवाळीची गोष्ट. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, एकेका गावाचा एकेक दिवस. दुकानं लागतात, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ होतो आणि घरोघरी सोयरे येतात. दिवाळीला सोयरा आला नाही तर चालून जातं. मंडईला आला नाही तर वर्षभर त्याचा उद्धार होतो. पूर्वी आमंत्रण द्यायला घरचं माणूस जायचं. आता ते व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, पण रीत तीच. आलेलं आमंत्रण पाहायचं, आणि पाहिलं म्हणून कळवायचं. त्यात ते व्याह्यांचं असेल तर बोलायलाच नको.

बाबांना व्याह्यांचंच आलं. मोहाडीला माझी ताई दिली आहे, तिच्या सासऱ्यांच्या नंबरवरून. वर लिहिलेलं 'मंडईचे आमंत्रण', खाली नुसती फाईल. बाबांनी दाबली तर फोन विचारायला लागला, हे अ‍ॅप टाकायचं का, परवानगी देता का. दुसऱ्या कोणाचं असतं तर बाबांनी सोडून दिलं असतं, ते काही बावळट नाहीत. पण पोरीच्या सासरचं आमंत्रण न उघडता ठेवायचं कसं? त्यांनी परवानगी दिली. आमंत्रण काही दिसलं नाही. थोड्या वेळानं तीच फाईल बाबांच्या नावानं सोयऱ्यांच्या ग्रुपवर गेली, आणि सोयरेही ती उघडायला लागले. बाबा घरात थोरले. त्यांचं आमंत्रण कोण टाळणार?

यातलं मला तेव्हा काहीही ठाऊक नव्हतं. त्या ग्रुपात माझा नंबर नाही. पोरीसोरींना सोयऱ्यांच्या ग्रुपात कोण घेतं?

मी त्या दुपारी घरीच होते. घरापुढच्या छपरीत लॅपटॉप घेऊन वाचत बसले होते, आणि वाचत काय होते तर मोबाइलमध्ये अशा फाईली कशा शिरतात तेच. बाबा माझ्या पुढ्यातून गेले. हातात फोन, चेहरा उतरलेला.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. मंडईसाठी मासोळ्या पाहून येतो."

गाडी काढून ते तलावाकडे गेले. दिवस मावळायला आला तेव्हा परतले, रिकाम्या हातानं. मासोळ्या कुठं आहेत, मी विचारलं. "नाही भेटल्या," म्हणाले आणि आत जाऊन पडले. मासोळ्या धरणाऱ्यांच्या घरी जाऊन मासोळ्या भेटल्या नाहीत, आणि मी, गुन्ह्यांचा अभ्यास करणारी, ते खरं मानून पुन्हा वाचायला लागले.

मंडईच्या दिवशी आत्या आली. चहाचा कप हातात घेतला आणि सुरू झाली. "तुह्या बाबानं बरं केलं बापा, टायमावर फोन केला. माह्यावालं बोट त्या फाईलीवरच होतं."

"कोणती फाईल?"

"आता! तुले नाही माहीत? अन् मंग तुह्यावाली मैतरीण बोलली ना फोनवर. काय गोड पोरगी आहे. म्हणे आत्याबाई, घाबरू नोका, फोन तुमच्या भावाचाच आहे असं समजा अन् मी सांगतो तसं दाबा. मले त वाटलं, तूबी बाजूलेच बसली असशीन."

मी आईकडे पाहिलं. आईनं पदर सावरला आणि चुलीशी जाऊन उभी राहिली. म्हणजे तिलाही माहीत होतं. घरात न कळलेली मी एकटीच.

मग एकेक बाहेर आलं. बाबा तिच्या घरी गेले होते. तिनं आधी फोनचं नेट बंद केलं, बँकेला कळवून खातं थांबवलं, सायबर हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. इथपर्यंत मीही केलं असतं, आणि तिच्याहून लवकर केलं असतं. पुढचं मला सुचलं नसतं, आणि तेच मला जास्त झोंबलं. सोयऱ्यांना सावध करायचं होतं. मी ग्रुपवर मेसेज टाकायला लावला असता, माझा फोन हॅक झाला आहे, कोणी फाईल उघडू नये. खल्लास. सगळ्या सोयऱ्यांत बाबांचं हसं झालं असतं. तिनं त्यांना आपल्या वडिलांचा फोन दिला आणि म्हणाली, काकाजी, तुमी एकेकाले फोन लावा, पहिले तोंडानं मंडईचं आमंत्रण द्या, अन् मंग म्हणा, ते फोनवरचं आमंत्रण काही खरं नव्हे, ते उघडू नोका. सोयऱ्यांना वाटलं, बघा, अजून जुन्या रीतीनं बोलावतात. व्याह्यांनाही तसाच फोन केला, आणि तुमच्याच फोनवरून हे आलं असं चुकूनही म्हटलं नाही. सगळ्यांचेच फोन तपासतो आहोत म्हणत त्यांचाही तिनं बोलता बोलता दुरुस्त करून दिला. मंडईला सगळे आले. सगळे बाबांचं कौतुक करत होते.

मी चप्पल घातली आणि मंडईत गेले. ती बांगड्यांच्या दुकानापुढे उभी होती. मी तिचा दंड धरून तिला बाजूला ओढलं.

"माह्या बापाचं काम, अन् तू मलेच नाही सांगतलं?"

"त्यायनं सांगू नोको म्हटलं."

"मी पोरगी आहो त्यायची."

"तू आपल्या तक्रारदाराचं नाव मले सांगतली असती का?"

तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवणे. हे मीच तिच्याकडून परीक्षेआधी घोकून घेतलं होतं, आणि आता ते तिनं माझ्याच तोंडावर मारलं. मी तिचा दंड सोडला नाही. शेवटी तीच हळू म्हणाली, "मी म्हटलं होतं त्यायले. घरीच आहे ते, तिले सांगा, तिले माह्याहून जास्त येते. त उठून जाऊन राहिले होते ते. म्हणून मंग मी तुहं नाव नाही काढलं."

मी घरी आले. सोयऱ्यांना वाढलं, हसून बोलले, आत्याच्या डब्यात लाडू भरून दिले. आतून जळत होते. ती खोटी बोलली असती, मोठेपणा केला असता, चारचौघांत मला खाली पाहायला लावलं असतं, तर किती बरं झालं असतं. मनसोक्त राग तरी धरता आला असता.

दुसऱ्या दिवशी घर रिकामं झाल्यावर मी बाबांपुढे जाऊन उभी राहिले. ते अंगणात गाडी पुसत होते.

"मले काहून नाही सांगतलं?"

त्यांनी फडकं पिळलं. "आपल्या घरी फसलेल्या माणसाले काय म्हणतेत, मले माहीत नाही का? मीच त म्हणतो."

"मी तुमची नक्कल केली असती, असं वाटलं तुमाले?"

"नाही केली असती. पण त्या टायमाले मले तेच आठोलं." फडकं झटकत म्हणाले, "तिनं पहिले पाणी देलं. मंग इचारलं."

पाणी दिलं. कलमं पाठ करण्यात माझे डोळे गेले, आणि हिनं एक तांब्या पाणी देऊन माझा बाप नेला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की पाणी मीही दिलं असतं, मागितलं असतं तर. पण बाबा पुन्हा गाडीकडे वळले होते आणि त्यांची मान खाली होती. ती मान मला बघवेना. मी आत गेले.

सुट्टी संपली, आम्ही नागपूरला आलो. खोलीत तिचं वागणं काही बदललं नाही, माझ्यासाठी पाणी भरून ठेवायची, मी उशिरा उठले तर डब्यातली भाजी काढून ठेवायची. मी बोलत होते, पण मोजकं. घरी जेवताना सांगायला केसच्या गोष्टी गोळा करणं मी सोडून दिलं. सांगायला बाबा समोर नव्हते, आणि असते तरी आता त्यांनी विचारलं नसतं.

थंडीत पुन्हा घरी गेले. धान चुरून झाले होते, मळणी आटपली होती, आणि बाबा सरकारी खरेदी केंद्रावरच्या नंबरची वाट पाहत होते. एका सकाळी मी छपरीत बसले असताना ते आले. माझ्या बाजूला बसले. समोर नाही, बाजूला. हातातला फोन त्यांनी पुढे केला.

"हा मेसेज आला," म्हणाले. "तिचा फोन लागून नाही राहिला. तू पाहतेस का?"

मी फोन घेतला. पाठवणाऱ्याचं नाव पाहिलं, लिंक आहे का पाहिलं, बाबांच्या नोंदणीचा क्रमांक ताडून पाहिला. मेसेज खरा होता. धान घेऊन कधी यायचं ते कळवलं होतं. मी दोनदा तपासलं, कारण या एका मेसेजवर मला चुकायचं नव्हतं.

"खरा आहे बाबा. काही भानगड नाही. जा तुमी."

त्यांनी मान हलवली. फोन घेतला. उठले नाहीत. फोनकडे पाहत राहिले, आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुहं बरोबरच असंन. पण एकडाव तिलेबी इचारून पाह्यतो."

मी माझा फोन काढला आणि तिला लावला. तिनं लगेच उचलला. "हं, बोल वं," ती म्हणाली. मी फोन बाबांच्या हातात दिला.