बारीक काम अकरानंतर

माझी धाकटी बहीण रफू करते. कोटाला ठिणगीने भोक पडो की उंची शालीला कसर लागो, त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतले धागे काढून ती ते असं भरते की मालकालाही जागा सापडत नाही. गेल्या वर्षी तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि माझं एक तिला बसवलं. तेव्हापासून तिच्या आयुष्यात नाक खुपसायचा मला हक्क आहे, असं मी समजते. ती समजत नाही.

नवं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ गोळ्या असतात. त्यांनी तिच्या हातांना कंप सुटला. कपबशी खडखडायची, सुईत दोरा जाईना. मग बाईसाहेबांनी काय करावं? ज्या दिवशी बारीक काम, त्या दिवशी सकाळची गोळी गुपचूप गाळायची. तपासणीत रक्तात औषध कमी दिसलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं डोस पुरत नाही, त्यांनी तो वाढवला. वाढीव गोळीने हात आणखी थरथरले, म्हणून हिने आणखी गोळ्या गाळल्या. तीन महिने हा खेळ चालला.

पकडलं मी. रिळांच्या डब्यात तळाशी गोळ्या सापडल्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझं काढून तुला दिलं ते असं मारायला?"

"हात गेले तर जगून काय करू, ताई? तुझ्या दारात बसून खाऊ?"

दुसऱ्या दिवशी मी तो डबा डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर उपडा केला. त्यांनी तिला चांगलं फैलावर घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "हे काम सोडा, दुसरं काही बघा."

"काम सोडणार नाही. यापुढे गोळीही सोडणार नाही. काय बदलायचं ते औषधात बदला," असं म्हणून ही खुर्चीत बसूनच राहिली. बाहेर रांगेतले लोक कुरकुरायला लागले तरी हलली नाही.

डोस उतरला, हळूहळू विरघळणारी, दिवसातून एकदाच घ्यायची गोळी आली, रक्त पुन्हा पुन्हा तपासलं. कंप कमी झाला, गेला नाही. गोळीनंतरचे दोन तास अजून वाईटच जातात. तिने दुकानात पाटी लावली: बारीक काम अकरानंतर.

काल सकाळी नऊला मी दुकानात असताना एक गृहस्थ कोट घेऊन आले. त्यांना तासाभरात हवा होता. तिने न लाजता कारण सांगितलं.

"मग एक दिवस गोळी उशिरा घ्या की."

तिने त्यांच्यासमोर गोळी तोंडात टाकली. वर पाणी प्यायली, थोडं सांडलं, ते पुसलं.

"ठेवायचा तर ठेवा. नाहीतर भोकासकट घेऊन जा."

ते घेऊन गेले. चांगलं गिऱ्हाईक होतं. माझा चेहरा बघून ती म्हणाली, "तुझ्यासाठी नाही घेतली गोळी. तू दिलंस ते आता माझं आहे."