पिंपातला शेंदूर

मुलुंडच्या आमच्या गाळ्यात किस्से धुळीसारखे साचायचे. सकाळी झाडा, जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुन्हा थर! अजून आठवले की हसू येतं, आणि मग आपण तेव्हा इतके बावळट कसे होतो याचा रागही येतो.

आम्ही शिसं भाजून शेंदूर बनवायचो, लोखंडाच्या रंगात घालायला. मी पॅकिंगला होते. भट्टीवर सावंतभाऊ, मूळचे कणकवलीचे. धूळ नाकातोंडात जाते म्हटलं की मॅनेजरसाहेबांचं उत्तर ठरलेलं, "अगं, शेंदूर तो! देवाला चालतो, तुम्हाला काय होणार?"

देवाचं नाव आलं की आम्ही परत कामाला.

*

रोज सकाळी प्रत्येकाला गुळाचा खडा मिळायचा. गुळाने म्हणे पोटातलं शिसं निघून जातं. साहेब स्वतः कधी खायचे नाहीत, आणि काचेच्या दारापलीकडे यायचेही नाहीत.

सावंतभाऊ म्हणाले, "डायबेटीस असा त्यांका. गूळ चलना नाय, म्हणान आत येनत नाय!"

*

मास्क होते हो! कपाटात, पॅकिंगसकट. इन्स्पेक्टर यायच्या दिवशी वाटायचे, तो गेला की परत घ्यायचे. एकदा मी विचारलं, "साहेब, धूळ काय फक्त इन्स्पेक्टर आल्यावर उडते?"

दुसऱ्या दिवसापासून मी झाडलोटीला!

*

मग सावंतभाऊंच्या पोटात कळा यायला लागल्या. उजवं मनगट लुळं पडलं, चहाचा ग्लास हातातून सुटायचा. "माका नेमका काय झालाहा, ह्या तरी कळूक व्हया," एवढंच त्यांचं मागणं.

कंपनीचा डॉक्टर येऊन सगळ्यांचं रक्त घेऊन गेला. आठवड्याने रिपोर्ट आले. सगळे नॉर्मल, सावंतभाऊंचासुद्धा!

रक्त घेतलं त्या दिवशी सावंतभाऊ गावाला होते.

*

दसऱ्याला मशीनची पूजा. त्या दिवशी साहेब आत आले, पांढरा कडक शर्ट घालून, दाराजवळच उभे राहिले. आरती झाली. टिळा लावायला मी कुंकवाचा करंडा शोधत होते.

सावंतभाऊंनी पिंपाचं झाकण उघडलं. अंगठा शेंदरात बुडवला, आणि लुळ्या हाताला डाव्या हाताचा आधार देत तो साहेबांच्या कपाळाकडे नेला.

साहेब ताडकन मागे सरले. "ए सावंत, वेड लागलंय का? हात मागे घे! अंगाला लागेल ते!"

सावंतभाऊ माझ्याकडे वळले.

"गावलो गो माझो रिपोर्ट."