शालूबाईंची भूक

काळजीनं माणूस झडतं, हे आम्हा सगळ्यांना लहानपणापासून पाठ. शालूबाई मात्र काळजीनं खात सुटल्या, आणि गावानं त्यांना ते माफ केलं नाही. त्या गावात मीही होते.

साल एकोणीसशे नव्व्याण्णव, जून महिना. मी साताऱ्याची, पलूसजवळच्या एका खेड्यात शाळेत शिकवायची आणि शालूबाईंच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायची. त्यांचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा पृथ्वीराज फौजेत, कारगिलला. आळीतली पाच पोरं तिकडं होती. त्यांच्या आयांनी म्हसवडच्या सिद्धनाथाला बोलून ठेवलं, की पोरं परत येईपर्यंत दर रविवारी दिवस मावळल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. शालूबाईही हो म्हणाल्या.

दुसऱ्याच रविवारी त्यांची जाऊ रंगुबाई सरपण न्यायला गोठ्यात गेली, तर शालूबाई म्हशीच्या आडोशाला भिंतीकडं तोंड करून भाकरी खात होत्या. नुसती, कोरडी.

"पोरगं लढाईवर, आन् हिच्या घशाखाली घास उतरतोय कसा?" रंगुबाईनं हे गोठ्यात नाही, चांगलं आळीत उभं राहून विचारलं.

मग त्यांच्याकडं कुणी बसायला येईना. खोटं कशाला बोलू, मीही मनात नाक मुरडलंच. एका संध्याकाळी त्या आपणहून म्हणाल्या, "बाई, रेडूवर बातम्या लागल्या की पोटात आग पडती बगा. आत्ता जेवून उठले असले तरी. नवस मोडला म्या. त्याला कायबाय झालं तर?"

मी त्यांना एसटीनं सांगलीला, विश्रामबागेतल्या एका डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, "धास्तीनं कुणाची भूक मरते, कुणाची खवळते. पोटाचं आणि डोक्याचं आतून बोलणं चाललेलं असतं. मायेशी त्याचा काही संबंध नाही."

बाहेर आल्यावर शालूबाई म्हणाल्या, "त्येचं पोरगं हाय का तिकडं?"

पृथ्वीराज पेन्शनीत घरी आला, त्यालाही बरीच वर्षं झाल्यावर मी कुठंसं वाचलं, की जठरातून भुकेचं एक संप्रेरक निघतं, ताणात ते वाढू शकतं, आणि घाबरलेल्या जिवाला थोडं सावरतही असावं. म्हणजे शालूबाईंचं शरीर त्यांना धीर देऊ बघत होतं. हे तेव्हा कळतं, तर रंगुबाईच्या तोंडावर मारलं असतं.

सांगलीहून आल्यावर शालूबाईंनी मोडलेल्या नवसापायी खाणंच सोडलं. आठवडाभर नुसता चहा. त्यानं धास्ती कमी होईना, उलट कडी वाजली तरी दचकायच्या. एकदा हंडा उचलताना भोवळ येऊन पडल्या. मला फार भीती वाटली.

अशात पृथ्वीराजचं पत्र आलं. शालूबाईंना वाचता येत नव्हतं. ओट्यावर बसून मी वाचून दाखवलं:

"आई, फकस्त तुला सांगतो. गोळे पडाय लागले की मला लय भूक लागती. पोरं हसत्यात. आबा गेले त्या दिवशी तू आन् मी दार लावून शिळी भाकरी खाल्ली हुती, ते आठवतं."

शालूबाई पत्रावर वाकल्या. मग म्हणाल्या, "खाल्लं का पण त्यानं?"

पत्रात तसं काही नव्हतं. खाली नमस्कार आणि सही. मी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि वाचलं, "पोटभर खाल्लं. आता तूबी खा."

त्या आत गेल्या, भाकरी घेऊन आल्या आणि माझ्याशेजारी ओट्यावर बसल्या. समोर रंगुबाई आपल्या दारात उभी होती. शालूबाईंनी तिच्याकडं बघत पहिला घास मोडला. तोंड फिरवलं नाही.