आई पुढे बसली की वाजतं

आमच्या गाडीचा पुढचा डावा बॉल जॉइंट झिजला, त्यावर उपाय म्हणून मी आईला मागच्या सीटवर पाठवलं.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. बाबा गेल्यावर आई पहिल्यांदाच आमच्याकडे ब्रिस्टलला आली होती. पुण्यात गाडीची पुढची सीट आधी आजोबांची, मग बाबांची, मग आल्यागेल्या कुठल्याही पुरुषाची (एकदा आंब्याच्या पेटीची!). आई जन्मभर मागे. इथे मेधा, म्हणजे माझी बायको, सहज म्हणाली, "आई, तुम्ही पुढे बसा." आईने सीटबेल्ट असा लावला की जणू शालूचा पदर!

आणि कॉमेंटरी सुरू झाली.

"नंदू, लाल झाला! नंदू, सायकलवाला! नंदू, ती बाई बघ कशी घुसली, हॉर्न वाजव!"

"आई, इथे हॉर्न वाजवत नाहीत."

"मग दिलाय कशाला?"

अशातच एका स्पीडब्रेकरवर 'टक्-टक्' झालं.

"काहीतरी वाजतंय रे."

"तुझी पर्स असेल."

आईने पर्स मांडीवर रिकामी केली. पुढच्या उंचवट्यावर पुन्हा टक्-टक्. मी नोकरीत विमानाच्या चाकांची गणितं करायचो. पण स्वतःच्या गाडीखाली वाकून बघणं माझ्या इभ्रतीत बसेना. मी बसल्या जागी निदान केलं. "आई, तू पुढे बसलीस की वाजतं. वजन डावीकडे जातं."

"माझं वजन? अरे, इथला पाव खाऊन निम्मी झालेय मी!"

पण बसली मागे, चाइल्ड सीटमधल्या आमच्या लेकीशेजारी, रमाशेजारी. पहिल्या दिवशी एवढंच म्हणाली, "मागून नुसती तुझी मान दिसते रे." मग काहीच नाही.

आता सांगून टाकतो. टक्-टक् बंद झालीच नव्हती. मी रेडिओ मोठा केला होता. बंद झाली होती ती आई, आणि मला ते बरं वाटत होतं.

मग गाडीची वार्षिक तपासणी आली. तपासणाऱ्याने गाडी वर उचलली, चाक खालीवर धरून हलवलं. चाक पडायला आलेल्या दातासारखं हललं! नापास. बॉल जॉइंट म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी, उखळीत फिरणारी गोळी. आपल्या खांद्यात असते तशी. झिजून ढिली झाली होती.

"म्हणजे माझ्या वजनाने नाही?" घरी आईने विचारलं.

मेधा माझ्याकडे बघत राहिली. "नाही," मी गालिच्याला सांगितलं.

आई पुढच्या आठवड्यात परतणार होती. तिला एकच हौस राहिली होती: जवळच्या वेस्टन गावचा समुद्र बघायचा, तोही गाडीत पुढे बसून जाऊन. मी जाहीर केलं, "शनिवारी मी स्वतः जॉइंट बदलतो. रविवारी तू पुढे!"

शनिवारी दारातच जॅक लावला, चाक काढलं. गंजलेला नट हलेना. हातोडा मारला, तरी जॉइंट निघेना. मग मी बाबांनी आयुष्यात न उच्चारलेले शब्द उच्चारायला लागलो.

खिडकीतून आई ओरडली, "नंदू, शेजारी ऐकतायत!"

"त्यांना मराठी कळत नाही!"

"मला कळतं ना!"

अंधारायच्या सुमारास जॉइंट निघाला एकदाचा. नवा बसवला, जुना घरात मिरवत आणला. "बघा, केवढा घट्ट! जरासुद्धा हलत नाही!"

मेधा शांतपणे म्हणाली, "मग बदललास कशाला?"

गाडीच्या पुढे, तिच्याकडे तोंड करून उभं राहिलं की आपली डावी बाजू ती गाडीची उजवी असते. विमानाच्या बाबतीत हे मला पाठ होतं! आणलेला एकुलता एक जॉइंट मी धडधाकट बाजूला बसवला होता.

रविवारी बसने गेलो. डबलडेकर होती. आई गुडघे धरत वर चढली आणि थेट पहिल्या सीटवर बसली. समोर ड्रायव्हर नाही, काही नाही, नुसती भली मोठी काच.

"अगं बाई! सगळंच दिसतंय!" आणि फांद्या काचेवर आपटल्या की, "नंदू, वाक!" मी तिच्या मागच्या सीटवर. तिची मान बघत.

वेस्टनला ओहोटी होती. समुद्र पार क्षितिजाला जाऊन बसला होता, समोर चिखल. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर आईच म्हणाली, "असू दे रे. पुढे बसून आले ना!"

ती पुन्हा काही आली नाही. नंतर मी डावा जॉइंट बदलला. गाडी इतकी गप्प झाली की लाल दिव्यापाशी थांबलो की उगाच डावीकडे बघायचो.

परवा रमाने स्वतःची गाडी घेतली. मी ऐटीत पुढे बसलो. "रमा, लाल झाला! रमा, सायकलवाला!" दुसऱ्याच सिग्नलला तिने गाडी कडेला घेतली.

"बाबा, तू मागे बस ना, प्लीज. तू पुढे बसला की आवाज येतो."

निमूट मागे गेलो. मागून खरंच नुसती मान दिसते. रमाची थेट माझ्या आईसारखी आहे.

गाडी कोरी करकरीत आहे. बॉल जॉइंट ठणठणीत. म्हणजे या खेपेला निदान बरोबर आहे!