फोटोत नसलेले तीन ठिपके

"फोटोत हे दिसत नाही." सरांनी माझा अर्ज वर धरला. पेन्सिलीचं टोक माझ्या हनुवटीकडे रोखलं. "हे काय आहे?"

"गोंदण आहे, सर."

तीन हिरवे ठिपके. सांगलीच्या फोटोवाल्यानं निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून ते घालवले होते. मी सांगितलं नव्हतं. पण फोटो हातात आल्यावर मला बरं वाटलं होतं. हेही लिहिते. लपवायचं नाही.

प्रसूती विभागात निवासी डॉक्टरची एकच जागा होती. त्या विषयात आमच्या वर्षात मी पहिली. मुलाखतीच्या टेबलामागे तिघे, मधे विभागप्रमुख सर. विषयाचा एकही प्रश्न नाही.

"वडील काय करतात?"

"मेंढरं राखतात. जतकडं."

"म्हणजे लग्न लवकर. जागा फुकट जाणार."

शेजारचे म्हणाले, "अहो, बाळंतपणं केली असतील हिनं. मेंढ्यांची!"

मला खरं तेच सुचलं. "केलीत, सर. आडवं आलेलं कोकरूसुद्धा सोडवलंय."

तिघे हसले. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. मीही हसले, थोडंसं. ते हसू अजून तोंडात कडू लागतं.

जागा माझ्या वर्गातल्या एकाला मिळाली. गुण माझ्याहून कमी. त्यानंच सांगितलं, त्याला एकच प्रश्न होता: "बाबा कसे आहेत?" व्यक्तिमत्त्वाचे पंचवीस गुण होते. मला तीन. कारकून मान खाली घालून म्हणाला, "सर म्हणालेत, सहा महिन्यांनी परत अर्ज करा. तेवढं हनुवटीचं काढून या."

गावी जाऊन आईला सांगितलं. दुष्काळात खडी फोडतानासुद्धा मला शिकणं सोड म्हणाली नव्हती ती. आता म्हणाली,

"गोंदताना तू लय रडली व्हतीस गं. मीच दाबून धरली तुला. चुकलं का गं माझं?"

तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि माझी हनुवटी पुसायला लागली. जोरात. जाणार नाही हे तिला माहीत होतं. तरी पुसत होती.

मी तिचा हात धरला. तिथं माझी लाज संपली. माझा अपमान मी कदाचित गिळला असता. पण त्या माणसानं माझ्या आईला गुन्हेगार केलं.

सहा महिने भरत आले. काल परत त्याच फोटोवाल्याकडे गेले.

"पेन्सिल लावायची नाही."

"आवं ताई, पुसतो की! सगळी पुसून घेत्यात."

"मी न्हाई."

तो फोटो अर्जाला चिकटवला आहे. सोबत एक कागद. मला विचारलेले प्रश्न, जागा मिळालेल्याला विचारलेला प्रश्न, दोघांचे विषयातले गुण. त्या कागदाची एक प्रत मुंबईला, वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. एक कॉलेजच्या नोटीस बोर्डावर.

दुसरीकडे अर्ज करणार नाही. मला तीच जागा हवी, त्याच टेबलावरून, त्याच हातानं. नाकारली तर कारण लेखी घेईन आणि तेही बोर्डावर लावीन. दिली, तर माफी मिळाली असं त्यांनी समजू नये. रोज सकाळी राउंडला मी त्यांच्यासमोर उभी राहीन. मास्क चढवायची वेळ येईपर्यंत त्यांनी हे तीन ठिपके बघायचे.