मायच्या हातचं तिखट
सुरतेत मी कामासाठी राहतो त्या चाळीत कुणी मिरच्या भाजल्या की मला धुळ्याचा तो दवाखाना आठवतो. शौचातून रक्त पडायचं म्हणून नववीतच माझी शाळा सुटली होती, आणि मोठे काका, आमचे आबा, मायला दोषी ठरवून मोकळे झाले होते. त्या दिवशीही स्पिरिटच्या वासात, खडखडत्या कूलरसमोर बसून ते भिंतीकडे बघत म्हणाले, "घरनी बाईना हात तिखट शे, पोरनं आतडं सडी गयं." जेठापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, बोलायची रीत नव्हती, मायनं पदर पुढे ओढला. डॉक्टरबाई मात्र तिच्याकडेच वळल्या. "ताई, तिखटानं हा आजार होत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं काम जंतूंशी लढायचं. याच्या पेशी स्वतःच्याच आतड्यावर तुटून पडल्यात. यात तुमचा काही दोष नाही." त्या बाईंचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण जिन्यातच आबा हसले, "पांढऱ्या पेशी कोनी देख्यात? तिखट तं बठ्ठा गाव देखस." म्हणजे तिखट सगळ्या गावाला दिसतं. घरी आल्यावर मायनं पाट्यावरचा ठेचा उकिरड्यावर टाकला आणि पुन्हा कधी वाटला नाही. आज औषधांमुळे मी बरा आहे, तरी पोटात जरा कळ आली की धास्तावतो. आबा आता थकलेत, त्यांच्यावरचा राग सोडून दे म्हणतात सगळे. कसं सोडू? अजूनही फोन ठेवताना माय हळूच विचारते, "मन्हा हातना तिखटमुयेच व्हयनं ना रे भाऊ ते?"